बाळ निजतं कुठे? खाडीकाठच्या एका घरातलं प्रकरण

हे प्रकरण देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका वाडीतलं आहे. घरच्यांना विचारून लिहिते आहे, पण नावं कुणाचीच घेत नाही. बाळ सुखरूप आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागणार नाही.

मी या भागात उपकेंद्राची समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. गृहभेटीत आम्ही बाळाचं वजन करतो, नाळ बघतो, दूध ओढतं का ते बघतो, लसीची तारीख सांगतो. बाळ रात्री निजतं ती जागा मात्र क्वचितच कुणी उठून बघायला जातं. शिवाय कोकणातल्या घरात ती जागा सुरक्षित करायची तर ‘पाठीवर निजवा, अंथरूण कडक ठेवा’ एवढं सांगून निघून येता येत नाही. कौलांत विंचू असतो, पावसात कपडे वाळत नाहीत, रात्री वीज जाते, आणि चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरतं. हे सगळं धरूनच बाळाचं अंथरूण घालावं लागतं.

बाळ आणि घर

बाळंतीण 23 वर्षांची, पहिलटकरीण. सासर त्याच तालुक्यात, नवरा मुंबईत नोकरीला. बाळंतपणाला माहेरी आलेली. जुलैच्या मध्यावर, 36 वा आठवडा पुरा होताना मुलगी झाली. वजन 2,150 ग्रॅम. म्हणजे बाळ थोडं आधी आलेलं आणि 2,500 ग्रॅमच्या खालचं, कमी वजनाचं. अशा बाळांना झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका पुऱ्या दिवसांच्या बाळांपेक्षा जास्त असतो, म्हणून हे दोन आकडे ध्यानात ठेवायचे. रुग्णालयातून सुट्टी देताना कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देणं, शिकवलं होतं. घरी आल्यावर ते दोन दिवसांत बंद पडलं. बघायला माणसं येत-जात होती आणि बाळंतीण झालेल्या पोरीला संकोच वाटत होता.

घर जुनं, चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं. पुढे पडवी, तिथे झोपाळा. आत माजघर, त्याच्या बाजूला बाळंतिणीची खोली. खोलीला एकच खिडकी आणि तीही पावसाची झड आत येते म्हणून बंद.

आमच्या आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेच्या, भेटी ठरलेल्या असतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बाळ त्यांना पडवीतच दाखवलं गेलं, आजीच्या मांडीवर. चौदाव्या दिवशी मी सोबत होते. पाऊस इतका होता की पडवीत पागोळ्यांचे शिंतोडे येत होते, म्हणून आजी म्हणाली, आतच या. आत गेलो म्हणून पुढचं सगळं दिसलं.

खोलीत काय होतं

बाळंतीण लोखंडी खाटेवर होती. खाटेवर कापसाची जुनी गादी, मध्ये खोलगट झालेली. त्या खोलगट जागेत बाळ, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला रात्री आजी निजायची. बाळ पालथं होतं. डोक्याखाली मोहरीची उशी. दोन्ही कुशींना गोधड्यांच्या वळकट्या. अंगात झबलं, त्यावर दोन दुपटी घट्ट गुंडाळलेली, डोक्यावर टोपडं, वरून कुंची, आणि या सगळ्यावर आईच्या साडीची चौघडी. गळ्यात काळा दोरा, त्यात वेखंडाचा तुकडा ओवलेला. उशीखाली पाचवीपासून ठेवलेला विळा.

खाटेखाली शेगडी होती. कोळसे विझत आलेले, वर ओवा आणि वावडिंग टाकलेलं. कोपऱ्यात डासांची कॉईल. दार ओढून घेतलेलं. खोलीत पाऊल टाकलं तसे डोळे चुरचुरले.

आशाताईंनी बाळाच्या काखेत तापमापी लावली. 37.8 अंश सेल्सिअस. नवजात बाळाला काखेत 37.5 च्या वर म्हणजे धोक्याची खूण, पण आधी बाळ गुंडाळल्यामुळे तापलंय का ते पाहावं लागतं. कुंची, टोपडं आणि एक दुपटं काढलं. शेगडी मागच्या दारी नेली, खिडकी उघडली, पोरीला पाजायला बसवलं. बाळ चांगलं ओढत होतं, श्वास शांत होता, छाती आत ओढली जात नव्हती. अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं तर 37.1. ते उतरलं नसतं तर तसंच रिक्षात घालून रुग्णालयात न्यावं लागलं असतं, हे घरच्यांना स्पष्ट सांगितलं. आशाताई दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन मोजून आल्या.

वजन 2,240 भरलं. वाढत होतं.

आम्ही निघताना आजीने बाळाला दिवसाच्या झोळीत घातलं. नऊवारी साडी वाशाला बांधलेली. बाळ त्यात निजलं तसं पाठीची कमान झाली, हनुवटी छातीला टेकली आणि नाकातून घुर्र-घुर्र आवाज यायला लागला. आजी म्हणाली, गाढ झोप लागली. आशाताईंनी झोळीत हात घालून बाळाची मान हलकेच सरळ केली. आवाज थांबला. मान सोडली, हनुवटी पुन्हा छातीवर आली, पुन्हा आवाज. असं त्यांनी आजीच्या देखत दोनदा करून दाखवलं. त्या खोलीत आम्ही जेवढं बोललो त्यापेक्षा याने जास्त काम केलं, असं मला अजून वाटतं. दोन किलोच्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान अजून धरत नाही आणि श्वासाची वाट अरुंद. मान पुढे दुमडली की ती वाट दबते. बाळाला स्वतःहून डोकं उचलून ती मोकळी करता येत नाही.

आजीचं म्हणणं

इथे आजीची बाजू नीट मांडायलाच हवी. तिने केलेल्या प्रत्येक गोष्टीमागे कारण होतं, आणि त्यातली काही कारणं बरोबरच होती.

“चेडवाक थंडी बाधतली,” हे तिचं पहिलं वाक्य. कमी वजनाच्या बाळाला थंडी खरोखरच बाधते. अंगावर चरबी कमी असते, बाळ पटकन गार पडतं, आणि काखेत 36.5 च्या खाली गेलं तर तेही धोक्याचंच. ऊब हवी हे आजीला कळत होतं. फक्त ती ऊब कोळशातून आणि कुंचीतून येत होती. कोंडलेल्या खोलीत धुमसणारे कोळसे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडतात. त्याला वास नसतो. वास येतो तो ओव्याचा, आणि तो येतो म्हणून सगळं ठीक वाटतं. बाळंतिणीला शेक द्यायचाच असेल तर खिडकी-दार उघडं ठेवून, बाळ दुसऱ्या खोलीत असताना, आणि शेक झाला की शेगडी घराबाहेर. आजीने हे लगेच मानलं. शेगडीने पोरीचंही डोकं दुखायचं, ते पोर त्याच वेळी बोलली. आधी कुणी विचारलंच नव्हतं.

“पालथा घातल्यार गप निजता,” हे दुसरं. तेही खरंच आहे. पालथी बाळं जास्त गाढ झोपतात, सहजी दचकून उठत नाहीत. धोका नेमका त्यातच आहे. अंथरुणात नाक दबलं, स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत ओढला जाऊ लागला, तर बाळाने अस्वस्थ होऊन जागं व्हायला हवं. पालथ्या गाढ झोपेत ते जागं होण्याची शक्यता कमी होते. एके काळी परदेशातले डॉक्टरही बाळाला पालथं निजवायला सांगत. मग ब्रिटनमध्ये 1991 पासून आणि अमेरिकेत 1994 पासून ‘पाठीवर निजवा’ अशी मोहीम चालली, आणि अमेरिकेत दहा वर्षांच्या आत झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्यावर आलं. औषध नाही, यंत्र नाही, नुसती बाळाची कूस बदलली. आपल्याकडे घरी झोपेत गेलेल्या बाळाचं शवविच्छेदन सहसा होत नाही. ‘दूध छातीत गेलं’ म्हणतात, ‘दृष्ट लागली’ म्हणतात, आणि बाईला जन्मभर वाटत राहतं की आपल्याच पाजण्यात काही चुकलं.

दूध नाकात जाण्याची भीती याही घरात होती. पाठीवर निजवलं आणि उलटी झाली तर? हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. बाळ पाठीवर असतं तेव्हा श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायचं तर त्याला वर चढावं लागेल. पालथ्या बाळात हे उलटं होतं, श्वासनलिका खाली येते. पाजल्यावर बाळाला खांद्यावर उभं धरून ढेकर काढायची आणि मग पाठीवर निजवायचं. कुशीवर निजवणं हाही मधला मार्ग नव्हे, कारण कुशीवरचं बाळ सहज पालथं कलंडतं.

मोहरीच्या उशीसाठी मात्र आजी हटून बसली. डोकं चपटं झालं तर नातीचं पुढे कसं व्हायचं? मोहरीची उशी चेहऱ्याभोवती खचते, डोकं वर उचलून मान पुढे दुमडते. चपटेपणाचं म्हणाल तर त्यावर उपाय वेगळा आहे. बाळ जागं असताना, कुणीतरी समोर बसून, दिवसातून थोडा थोडा वेळ पोटावर ठेवायचं, आणि निजवताना तोंड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. बाळ बसायला लागलं की डोक्याचा मागचा भाग बहुतेकदा आपसूक गोल होत जातो. आजीला हे पटलं की आमची भीड पडली, ते सांगता येणार नाही. उशी तिने फेकली नाही, कपाटात ठेवली. आम्हाला तेवढं पुरेसं होतं.

विळ्यावर वाद घातला नाही. तो उशीखालून काढून फडक्यात गुंडाळला आणि दाराच्या चौकटीवर ठेवला. सटवीच्या वाटेवरच, असं आजी म्हणाली. काळा दोरा गळ्यातून काढून पायात बांधला, वेखंडाचा तुकडा सोडवून. गळ्यातला दोरा कशाला अडकला तर आवळतो. पायातला दोरा आवळत नाही ना, हे रोज अंघोळीच्या वेळी बघायचं ठरलं.

मग निजवायचं कुठे?

इथे आमचा बराच वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

बालरोगतज्ज्ञ सांगतात ते असं: बाळ आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट, कडक जागेवर, निदान पहिले सहा महिने. त्या जागेत उशी, लोड, मऊ खेळणं, सैल पांघरूण काही नाही. गादी खोलगट, दोन्हीकडे मोठी माणसं, बाळ कमी वजनाचं, अशी खाट तर नकोच.

मी आधी जमीन सुचवली. खाली सतरंजी, बाळ पडण्याची भीती नाही. बाळाचे आजोबा तोवर पडवीत गप्प बसून ऐकत होते. ते आत आले आणि म्हणाले, जमिनीवर नाही. पावसाळ्यात त्यांच्या घरात लाल विंचू निघतात, त्याच आठवड्यात न्हाणीत एक मारला होता. मण्यारही रात्री घरात शिरते, ती चावलेली झोपेत कळतसुद्धा नाही. आजोबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाने होणारे मृत्यू कमी करून दाखवले, ही कोकणाला मोठीच देणगी आहे. पण दोन किलोच्या बाळाला विंचू चावल्यावर औषधापर्यंत पोचू, या भरवशावर अंथरूण घालता येत नाही. जमीन बाद झाली.

मामाने आंब्याची लाकडी पेटी आणून दाखवली. खिळे, फळ्यांच्या कुसळ्या आणि तळात फटी. तीही बाद.

शेवटी माळ्यावरचा पाळणा उतरवला. फणसाच्या लाकडाचा, पोरीच्याच वेळचा. तळ सपाट आणि पक्का. कठड्याच्या गजांतलं अंतर पट्टीने मोजलं. ते 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावं, नाहीतर बाळाचं अंग त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं. एका बाजूचा गज मोडून गेलेला होता, तिथे वाडीतल्या सुताराने नवा बसवला. रंग पोपडे धरून सुटत होता तो खरवडून काढला, नवा दिला नाही. मग सुतारानेच विचारलं, टांगताय कशाला? त्याने कड्या सोडवून पाळण्याला चार पाय बसवले, खाटेच्या उंचीचे. त्यामुळे पाळणा रात्री हलत नाही आणि आईला निजल्या जागेवरून हात घालता येतो. पाळणा खाटेच्या उजव्या अंगाला, भिंतीपासून वीतभर लांब ठेवला, म्हणजे भिंतीवरून काही चढून यायचं नाही. आजीने मुंग्यांसाठी चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, म्हणून त्या रोज सकाळी ओतून पुसून भरायच्या.

आत कापसाची गादी घातली नाही. सतरंजीची घट्ट घडी, पाळण्याच्या मापाला बरोबर, कडेला बोटभरही फट नाही. वर जुन्या सुती चादरीचा तुकडा, खालून टाके घालून ताणलेला. तळहाताने दाबून खड्डा पडत नाही ना, हे पोरीने स्वतः बघितलं. वरून सरकारी औषधी मच्छरदाणी, चारी बाजूंनी ताणून पाळण्याच्या बाहेर खाली खोचलेली, बाळाच्या तोंडावर लोंबणार नाही अशी. मच्छरदाणी लागल्यावर कॉईल गेली. एक कॉईल पूर्ण जळताना हवेत जेवढे सूक्ष्म कण सोडते ते 75 ते 137 सिगारेटींच्या बरोबरीचे असतात, असं एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. बाळाच्या बंद खोलीत ती रात्रभर जळत होती. कौलातून पडणाऱ्या पालीला आणि विंचवालाही तीच मच्छरदाणी अडवते, हे आजोबांना फार आवडलं.

उबेसाठी कांगारू पद्धत पुन्हा सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या शिफारशीत कमी वजनाच्या बाळांसाठी दिवसाला 8 ते 24 तास सांगितले आहेत. या घरात आठ तास गाठले ते आई आणि आजी मिळून. आजी आत्मीयतेने बसायची. तिच्या छातीवर बाळ निवांत असायचं, तेव्हा टोपडंही चालायचं. नियम एकच: छातीशी बाळ असताना डुलकी येऊ लागली की दुसऱ्याला हाक मारायची. पाळण्यात निजवताना टोपडं, कुंची काढून, झबलं आणि एक दुपटं काखेखालून, चेहरा मोकळा. हात-पाय गार लागले म्हणून बाळ गारठलं असं होत नाही. छाती नाहीतर मानेची मागची बाजू चाचपून पाहायची. ती घामेजली तर एक कपडा कमी, गार लागली तर एक जास्त.

कपडे वाळत नव्हते, त्याला इस्त्री.

धुराचं

आजी परसात मशेरी भाजायची. पाऊस असला की चुलीपाशीच, आणि तो धूर खोलीत यायचा. पोरही लहानपणापासून मशेरी लावत होती, पाचव्या महिन्यात आशाताईंनी सांगितल्यावर सोडली. मुंबईतल्या 1,217 गरोदर बायकांचा एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मशेरी, तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली होती. या बाळाचं वजन त्यामुळेच कमी भरलं, असं मी म्हणणार नाही, एका बाळावरून तसं म्हणता येत नाही. पण तंबाखूचा धूर बाळाच्या झोपेतल्या धोक्यात भर घालतो, हे पक्कं आहे. आजीने मशेरी सोडली नाही. भाजणं मात्र शेजारणीच्या मांगरात नेलं. आजोबांची विडी पडवीतून खळ्यात गेली. विडी ओढून आल्यावर अंगातला सदरा बदलल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही, हे आजीने त्यांना सांगितलं. आम्ही ते सांगायला बिचकत होतो.

रात्र

पोरीची खरी अडचण आठव्या-दहाव्या दिवसापासूनची होती. रात्री तीन-चारदा उठून पाजायचं, त्यात वीज गेलेली. पाळण्यातून बाळ काढायचं, पाजायचं, परत ठेवायचं, हे कागदावर सोपं आहे. भिंतीला टेकून पाजताना तिची मान कलायची, आणि बाळ मांडीतून सरकल्यावर ती दचकून उठायची. एकदा तर वारा लागावा म्हणून ती पडवीतल्या झोपाळ्यावर बाळ घेऊन बसली आणि तिथेच तिचा डोळा लागला.

तिला आम्ही जे सांगितलं ते छापील पत्रकात नसतं. डोळा लागणार हे धरूनच चालायचं. सोफा, आरामखुर्ची, झोपाळा या जागांवर बाळ घेऊन झोप लागणं सगळ्यात घातक, कारण बाळ माणूस आणि पाठ यांच्या बेचक्यात जातं. त्यापेक्षा खाटेवर आडवं होऊन पाजलेलं बरं. म्हणून खाटेवरची खोलगट गादीही काढली, फळीवर सतरंजी घातली. पाजायच्या वेळी उशी, पांघरूण लांब सारायचं, आजी दुसऱ्या बाजूला निजणार नाही. जाग येईल त्या क्षणी बाळ परत पाळण्यात. आणि झोपेची गोळी, खोकल्याचं गुंगी आणणारं औषध घेतलेल्या कुणीही बाळाला शेजारी घ्यायचं नाही. आजी दुसऱ्या खाटेवर गेली, पण तिने आपणहून एक काम अंगावर घेतलं. बाळ रडलं की उशाची बॅटरी लावून बसायची आणि पोर पाजून होईपर्यंत तिच्याशी बोलत राहायची.

चतुर्थी

बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंची शेवटची ठरलेली भेट झाली. वजन 3,020 ग्रॅम, बाळ पाळण्यात, पाठीवर. नोंदवहीत सगळं छान. पुढची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्याला.

झोपेतले अचानक मृत्यू सगळ्यात जास्त होतात ते पहिल्या ते चौथ्या महिन्यात. म्हणजे धोका चढणीला लागतो तिथे आमच्या भेटी थांबतात. आणि यंदा त्याच मधल्या काळात गणपती आले.

गणपतीत कोकणातल्या घराचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मुंबईहून दोन मामा, त्यांची मुलं, आत्या, सगळे आले. माजघरात ओळीने अंथरुणं. बाळंतिणीची खोलीही दोन पाहुण्यांना दिली गेली, पाळणा अडचणीचा म्हणून कोपऱ्यात सरकवला आणि त्यात पाहुण्यांच्या पिशव्या आल्या. दुपारी पोर मोदक वळायला बसली होती. आत्या बाळाला घेऊन झोपाळ्यावर लवंडली आणि दोघी झोपल्या. पोर पाणी प्यायला उठली तेव्हा बाळाचं तोंड आत्याच्या दंडाखाली गेलेलं दिसलं. तिने झटकन उचललं. बाळ रडलं, लाल झालं, ठीक होतं. तिने आशाताईंना फोन केला तेव्हा तिचा आवाज कापत होता. आशाताई पावसात चालत गेल्या, बाळाचा श्वास, रंग, पिणं बघितलं, आणि संध्याकाळी मला कळवलं.

आत्याला कुणी बोललं नाही, ते बरंच केलं. तिने मायेनेच घेतलं होतं. पण त्या रात्री आजीने आरतीनंतर सगळ्यांच्या देखत सांगितलं, “चेडू पाळण्यातच निजतला. कोणी उचलूचा नाय.” पाळण्यातल्या पिशव्या बाहेर आल्या. पाळणा पुन्हा खाटेशेजारी लागला.

दुसरी अडचण जावयाची होती. तो लेकीला बघायला दोन रात्री मुक्कामाला येणार होता. विसर्जनाच्या रात्री मेव्हण्यांबरोबर बसणार, थोडी घेणार, आणि मग लेकीला कुशीत घेऊन झोपणार. जावयाला सासरी असं काही सांगणं कुणालाच जमण्यासारखं नव्हतं. हे आशाताईंनी आधीच ओळखलं होतं. त्यांनी तो मुंबईत असतानाच त्याला फोन करून पाळण्याचे फोटो पाठवले होते, आणि दारू घेतलेल्या माणसाच्या शेजारी बाळ का नको, तेही सरळ सांगितलं होतं. तो आला तेव्हा स्वतःच पडवीत झोपला. सकाळी लेकीला छातीवर घेऊन बसला, अंघोळ करून, सदरा बदलून.

मला विचाराल तर या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम तो फोन होता.

पुढे

साडेतीन महिन्यांचं असताना बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं. त्या दिवसापासून दुपट्यात गुंडाळणं पूर्ण बंद केलं. गुंडाळलेलं बाळ पालथं झालं तर हात मोकळे नसल्यामुळे त्याला स्वतःला सोडवता येत नाही. निजवताना पाठीवरच निजवायचं. पुढे ते दोन्ही बाजूंनी सहज वळायला लागलं आणि झोपेत आपणहून पालथं झालं, तर सारखं उठून सरळ करत बसायला नको, फक्त अंथरूण मोकळं हवं. झोळी अजून वाशाला आहे. जागेपणी, कुणाच्या नजरेसमोर, खेळवण्यापुरती वापरतात, डोळा लागला की पाळण्यात.

दिवाळीनंतर मायलेकी मुंबईला गेल्या. तिथली खोली लहान, एकच सोफा-कम-बेड, नवरा सिगारेट ओढणारा. पाळणा एसटीने नेणं शक्य नव्हतं, आणि बाळ वळायला लागल्यामुळे तो त्याला पुरलाही नसता. तिथे विंचवाची भीती नाही, म्हणून जमिनीवर कडक अंथरूण, भिंत आणि सोफा या दोन्हींपासून लांब, वर मच्छरदाणी. आशाताईंनी तिथल्या आरोग्य केंद्राचा पत्ता काढून दिला आहे. सोफ्यावर बाळ घेऊन कुणी झोपायचं नाही, हे तिने नवऱ्याकडून कबूल करून घेतलं आहे. सिगारेट जिन्यात जाऊन ओढतो म्हणते. त्याबद्दल माझी काळजी संपलेली नाही.

आमच्या उपकेंद्रात यानंतर दोन गोष्टी बदलल्या. कमी वजनाच्या बाळाच्या घरी बेचाळिसाव्या दिवसानंतर आणि तिसऱ्या महिन्याच्या आधी एक जादा भेट किंवा निदान फोन होतो, आणि गणपती, शिमगा, घरातलं लग्न मध्ये येत असेल तर त्याच्या आधी होतो. आणि तिसऱ्या दिवसाच्या भेटीतच आशाताई विचारतात, बाळ रात्री निजतं ती जागा जरा दाखवता का. ‘कुठे निजतं’ असं विचारलं की उत्तर ‘आईजवळ’ एवढंच मिळतं. दाखवायला सांगितलं की आत जाता येतं.